मतदार पुस्तिकेतलं एक पान: ‘प्रस्ताव २४’ विरुद्धचे मुद्दे कितपत खरे?

कॅलिफोर्नियात राज्यभराच्या निवडणुकीआधी मतदारांच्या घरी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (निवडणुकांचं काम पाहणाऱ्या राज्याच्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयाकडून मतदार माहिती पुस्तिका टपालाने येते. मतपत्रिकेवरच्या प्रत्येक प्रस्तावासाठी तिच्यात अ‍ॅटर्नी जनरलने दिलेलं शीर्षक आणि सारांश असतो, विधिमंडळाच्या विश्लेषकाचं टिपण असतं आणि मग बाजूचे व विरोधातले मुद्दे. मुख्य मुद्द्यांना ५०० शब्दांची मर्यादा, प्रत्युत्तराला २५०. मागच्या भागात प्रस्तावाचा पूर्ण मसुदा बारीक टायपात. पुस्तिका फुकट मिळते, हिंदीतही मागवता येते.

मुद्द्यांच्या पानाच्या तळाशी एक ओळ असते आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते: छापलेले मुद्दे हे लेखकांचं मत आहे, कोणत्याही सरकारी संस्थेने त्यांची अचूकता तपासलेली नाही. पुस्तिका सरकारी आहे म्हणून आतला मजकूरही कुणीतरी पडताळला असेल, हे गृहीत धरून मत देणारे खूप आहेत. म्हणून इथे परीक्षण एकाच पानाचं: नोव्हेंबर २०२० च्या पुस्तिकेतलं, ग्राहकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाविषयीच्या प्रस्ताव २४ च्या विरोधातलं पान. हा कायदा मंजूर झाला, लागू झाला, त्याखाली दंडही झाले. त्यामुळे यातला प्रत्येक दावा मसुद्याशी आणि पुढच्या घडामोडींशी, दोन्हींशी ताडता येतो.

गुण आधीच सांगतो: पाचपैकी अडीच. मसुद्यात कुठे बोट ठेवायचं हे कळायला पान चांगलं आहे. तिथे काय लिहिलंय आणि त्याचा परिणाम काय, यासाठी त्याच्यावर विसंबू नका.

पार्श्वभूमी थोडक्यात. २०१८ साली सॅन फ्रान्सिस्कोतले बांधकाम व्यावसायिक अ‍ॅलेस्टर मॅक्टॅगार्ट यांनी ग्राहकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा प्रस्ताव थेट मतदारांसमोर आणण्यासाठी सह्या गोळा केल्या. विधिमंडळाने २८ जून २०१८ रोजी ग्राहक खासगीपणा कायदा मंजूर केला आणि मॅक्टॅगार्ट यांनी तो प्रस्ताव मागे घेतला. कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. मधल्या काळात तो कमकुवत करण्याचे प्रयत्न झाले म्हणून त्यांनी दुसरा, मोठा प्रस्ताव आणला, तो प्रस्ताव २४. जवळपास ५६ टक्के मतांनी तो मंजूर झाला आणि त्यातल्या बहुतेक तरतुदी १ जानेवारी २०२३ पासून लागू झाल्या. विरोधात टेक कंपन्या नव्हत्या. विरोध केला तो कॅलिफोर्नियातल्या एसीएलयू या नागरी हक्क संघटनेने, कन्झ्युमर फेडरेशन ऑफ कॅलिफोर्निया या ग्राहक संघटनेने, लीग ऑफ विमेन व्होटर्सने. डिजिटल हक्कांसाठी काम करणारं इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन तटस्थ राहिलं. म्हणजे आक्षेप घेणारी मंडळी खासगीपणाच्याच बाजूची होती, आणि त्यामुळेच त्यांच्या आक्षेपांची तपासणी नीट करायला हवी.

पानाचा मुख्य दावा असा की प्रस्ताव २४ तुमचे हक्क कमी करतो. ‘कमी’ म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: कशाच्या तुलनेत? २०२० मध्ये हे उत्तर महिन्यामहिन्याला बदलत होतं, आणि या पानावरच्या बहुतेक चुका त्यातूनच आल्या आहेत.

सर्वात ठोस दाव्यापासून सुरुवात करू. पान म्हणतं की आजच्या कायद्यात तुमचे हक्क तुमच्याबरोबर प्रवास करतात, पण प्रस्ताव २४ आला की फोन घेऊन राज्याबाहेर पाऊल टाकताच कंपन्या त्यातली माहिती काढून घेऊ शकतील. वाचताना हे भीती घालण्यासाठी रचलेलं वाटतं. पण मसुदा उघडा. कलम १७९८.१४५ मध्ये एक सूट आहे: व्यवहाराचा प्रत्येक भाग पूर्णपणे कॅलिफोर्नियाबाहेर घडला असेल तर कायदा आड येत नाही. त्या सुटीच्या शेवटच्या वाक्यात जुना कायदा सांगतो की ग्राहक राज्यात असताना माहिती उपकरणावर साठवायची आणि तो बाहेर गेल्यावर ती गोळा करायची, याला ही सूट ‘परवानगी देत नाही’. प्रस्तावाच्या मसुद्यात यातला एकच शब्द खोडलाय आणि त्या जागी तिरप्या टायपात दुसरा आलाय. नवं वाक्य: ही सूट तसं करायला ‘मनाई करत नाही’. बाकी वाक्य जसंच्या तसं, अर्थ मात्र पार उलटा. मूळ इंग्रजी वाक्य व्याकरणाने अडखळणारं होतं, त्यामुळे ही निव्वळ दुरुस्ती आहे असं म्हणायला जागा आहे. पण दुरुस्ती दोन्ही दिशांनी करता आली असती. ती ग्राहकाच्या विरुद्ध दिशेने झाली आणि विरोधकांनी ती बरोबर पकडली. शंभरेक शब्दांच्या परिच्छेदातला एक शब्द टिपणं हे कसलेल्या वाचकाचं काम आहे आणि त्याचं श्रेय या पानाला द्यायलाच हवं.

परिणाम मात्र पानाने फुगवून सांगितलाय. त्याच सुटीतल्या आधीच्या अटी तशाच राहिल्या: माहिती गोळा होताना ग्राहक राज्याबाहेर हवा, विक्रीचा कुठलाही भाग कॅलिफोर्नियात घडता कामा नये, आणि ग्राहक राज्यात असताना गोळा केलेली माहिती विकता येणार नाही. शिवाय कायद्यात ‘गोळा करणे’ याची व्याख्या रुंद आहे, माहिती कोणत्याही मार्गाने मिळवणं किंवा पाहणंसुद्धा तिच्यात येतं. पान बोट दाखवतं बड्या टेक कंपन्यांकडे. पण गूगलचं माउंटन व्ह्यू किंवा मेटाचं मेन्लो पार्क, म्हणजे कॅलिफोर्नियातच मुख्यालय असलेल्या कंपनीला ‘आमच्या व्यवहाराचा प्रत्येक भाग राज्याबाहेर घडला’ हे सिद्ध करणं सर्वांत अवघड. दावा मसुद्यापुरता खरा, ‘बाहेर पाऊल टाकताच सगळं उघडं’ हा भाग चूक.

दुसरा दावा नोकरदारांचा. पानानुसार, मालक आपल्याबद्दल कोणती माहिती ठेवतो हे कळण्याचा हक्क १ जानेवारी २०२१ पासून मिळणार होता, प्रस्ताव २४ तो वर्षानुवर्षं लांबवतो आणि तोवर मालक गुपचूप माहिती गोळा करत राहतील. यातल्या तारखा एकेक करून तपासल्या पाहिजेत.

मूळ कायद्यात कर्मचारी येत होतेच. २०१९ च्या एबी २५ (एबी म्हणजे राज्याच्या असेंब्लीतलं विधेयक) या दुरुस्तीने त्यांना १ जानेवारी २०२१ पर्यंत बाहेर ठेवलं. प्रस्ताव २४ ने ही मुदत १ जानेवारी २०२३ पर्यंत नेली. म्हणजे दोन वर्षांचा उशीर, आणि पानावरचं गणित इथवर बरोबर. पण पुस्तिकेतले मुद्दे जुलै २०२० मध्येच ठरून जातात. सप्टेंबरच्या अखेरीस एबी १२८१ वर सही झाली. त्या कायद्यात तरतूद अशी की प्रस्ताव पडला तर कर्मचाऱ्यांची सूट आपोआप १ जानेवारी २०२२ पर्यंत वाढेल. म्हणजे ‘नाही’ला मत दिलं तरी २०२१ चा जानेवारी हातून गेलेलाच होता. मतदाराच्या हातात पुस्तिका पडली तेव्हा खरा फरक एका वर्षाचा उरला होता. लिहिताना खरा असलेला दावा वाचताना शिळा झाला होता. निवडणुकीच्या निकालावर अवलंबून असलेली विधेयकं पुस्तिकेत सापडत नाहीत, ती विधिमंडळाच्या संकेतस्थळावर वेगळी शोधावी लागतात.

‘गुपचूप’ हा शब्द तर तेव्हाही चुकीचा होता. एबी २५ ची सूट अर्धवट होती. माहिती गोळा करताना कोणत्या प्रकारची माहिती आणि कशासाठी, ही सूचना कर्मचाऱ्याला आणि अर्जदाराला देण्याचं बंधन १ जानेवारी २०२० पासून होतंच. माहिती चोरीला गेल्यास दावा करण्याचा हक्कही होता. नव्हते ते माहितीची प्रत मागण्याचे आणि ती पुसायला सांगण्याचे हक्क. फरक मोठा आहे, पण त्याला गुपचूप म्हणत नाहीत.

पुढे काय झालं तेही पाहा. २०२२ मध्ये ही सूट आणखी वाढवण्याचे प्रयत्न विधिमंडळात फसले आणि १ जानेवारी २०२३ ला ती संपली. अमेरिकेतल्या राज्यांच्या अशा सर्वसमावेशक कायद्यांत कर्मचाऱ्यांना पूर्ण हक्क देणारा कायदा कॅलिफोर्नियाचाच. प्रस्तावात मालकाने सूड उगवू नये अशी स्पष्ट तरतूदही होती, तिचा उल्लेख पानावर नाही.

तिसरा दावा सर्वांत गुंतागुंतीचा. ब्राउझरमध्ये एकदा ‘माझी माहिती विकू नका’ असा सिग्नल चालू केला की प्रत्येक संकेतस्थळाने तो पाळायचा, ही सोय प्रस्ताव २४ ऐच्छिक करतो आणि ग्राहकाला एकेका संकेतस्थळावर जाऊन नकार नोंदवावा लागेल, असं पान म्हणतं.

इथे तारखांचा प्रकार उलटा. मुद्दे लिहिले गेले तेव्हा हा नियम अंतिम झालाच नव्हता. अ‍ॅटर्नी जनरलच्या नियमावलीला १४ ऑगस्ट २०२० रोजी मंजुरी मिळाली. ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल हा प्रत्यक्ष सिग्नल जाहीर झाला ऑक्टोबर २०२० मध्ये. पान ज्याला चालू कायदा म्हणत होतं तो लिहिताना यायचा होता, आणि वाचेपर्यंत आला.

मसुद्यात कलम १७९८.१३५ वाचा. पोटकलम (ए) म्हणतं, मुखपृष्ठावर लिंक द्या. पोटकलम (बी) म्हणतं, सिग्नल पाळत असाल तर लिंक नको. आणि त्यातच स्पष्टपणे लिहिलंय की यातलं कोणतं पाळायचं ते कंपनीने ठरवावं. इथे थांबलं तर विरोधकांचं म्हणणं बरोबर ठरतं, आणि ते इथेच थांबले. पुढे पोटकलम (ई) आहे. ग्राहक दुसऱ्या कुणाला आपल्या वतीने नकार नोंदवायला सांगू शकतो, सिग्नलच्या मार्गानेसुद्धा, आणि कंपनीने (ए) निवडलेलं असो वा (बी), तो नकार पाळलाच पाहिजे. दोन पोटकलमं एकमेकांशी झगडतात हे खरं. असा झगडा असला की निकाल नियमावली लावते. प्रस्तावाने उभ्या केलेल्या नव्या संस्थेची नियमावली २९ मार्च २०२३ रोजी मंजूर झाली आणि तिने सिग्नल सर्वांना बंधनकारक ठेवला. कंपनीला पर्याय उरला तो एवढाच: सिग्नल कुठलाही अडथळा न आणता, ठरलेल्या अटींनुसार पाळला तर लिंक नाही दिली तरी चालेल.

अंमलबजावणीही याच दिशेने गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये सेफोरा कंपनीने १२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. ते जुन्या कायद्याखालचं होतं आणि त्यात सिग्नल न पाळल्याचा आरोप होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टर सप्लाय या कंपनीला नव्या संस्थेने १३.५ लाख डॉलरचा दंड केला. त्यातही सिग्नलचा मुद्दा होता, आणि नोकरीच्या अर्जदारांना त्यांच्या हक्कांची सूचना न दिल्याचाही. या पानावरचे दोन दावे त्या एकाच प्रकरणात येतात आणि दोन्हींची उत्तरं पानाच्या विरुद्ध लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एबी ५६६ वर सही झाली. १ जानेवारी २०२७ पासून ब्राउझरमध्येच हा सिग्नल पाठवण्याची सोय द्यावी लागणार आहे. भीती रास्त होती, कारण मसुदा ढिसाळ होता. भाकीत चुकलं.

‘पैसे मोजा आणि खासगीपणा घ्या’ या योजनांना प्रस्ताव परवानगी देतो, हा चौथा दावा. परवानगी आहे, पण नवी नाही. कलम १७९८.१२५ नुसार २०१८ पासूनच कंपनी वेगळी किंमत किंवा वेगळ्या दर्जाची सेवा देऊ शकत होती, फक्त तो फरक ग्राहकाच्या माहितीच्या मूल्याशी वाजवी प्रमाणात जुळायला हवा. कुणासाठीचं मूल्य? मूळ कायद्यात ‘ग्राहकासाठी’ असं विचित्र लिहिलं होतं, २०१९ च्या एबी १३५५ ने ते ‘कंपनीसाठी’ केलं. प्रस्ताव २४ ने लॉयल्टी कार्ड, बक्षीस योजना, सवलती यांचं नाव घेऊन त्यांना मोकळीक दिली. सोबत अटही घातली: ग्राहकाने नाही म्हटलं तर १२ महिने पुन्हा विचारायचं नाही. अन्यायकारक किंवा जबरदस्तीच्या योजनांवरची जुनी बंदी तशीच राहिली. पानाने असा आभास निर्माण केला की हे दार प्रस्ताव २४ उघडतो. दार आधीपासून उघडं होतं, प्रस्तावाने त्यावर पाटी लावली. तक्रार रास्त करायची तर ती ‘हे दार बंद करण्याची संधी दवडली’ अशी करायला हवी होती. एसीएलयूसारख्यांचं खरं म्हणणं तेच होतं, पण पानावर ते दुसऱ्याच रूपात आलं.

या योजना आज तपासायच्या असतील तर कंपनीच्या खासगीपणा धोरणात आर्थिक प्रोत्साहनाची सूचना शोधा. माहितीचं अंदाजे मूल्य आणि ते काढण्याची पद्धत तिथे देणं नियमांनुसार आवश्यक आहे. आकडा दिलेला नसेल तर ती योजना नियमात बसत नाही. अ‍ॅटर्नी जनरलने जानेवारी २०२२ मध्ये लॉयल्टी योजना चालवणाऱ्या अनेक कंपन्यांना याच कारणासाठी नोटिसा पाठवल्या होत्या.

‘बंद दाराआड, टेक कंपन्यांच्या सल्ल्याने लिहिलेला’ या आरोपावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. जनमत प्रस्ताव लिहिणारे तो स्वतःच लिहितात, तरी दाखल झाल्यावर ३० दिवस लोकांच्या सूचना घ्याव्या लागतात आणि त्यांनुसार दुरुस्ती करता येते. या प्रस्तावाचा क्रमांक १९-००२१, आणि पुढचं ‘ए१’ म्हणजे अशी एक दुरुस्ती झाली होती. पैशांचा माग काढायचा तर राज्याची कॅल-अ‍ॅक्सेस ही नोंदवही सर्वांना खुली आहे. समर्थनाचा बहुतांश पैसा मॅक्टॅगार्ट यांचा स्वतःचा होता. कुणाचा सल्ला घेतला आणि कुणाची सूचना फेटाळली हे मसुद्यावरून कळत नाही, तेव्हा आरोपाच्या त्या भागाला ना खरं म्हणता येतं ना खोटं.

असं पान स्वतः तपासायचं असेल तर छापील पुस्तिकेऐवजी पीडीएफ घ्या, कारण मसुद्यात शोध घेता येतो. खोडलेली अक्षरं म्हणजे जाणारा मजकूर, तिरपी म्हणजे येणारा. या प्रस्तावाचा मसुदा ५० हून अधिक पानांचा होता आणि त्यात साधी, सरळ अक्षरंही भरपूर होती. ती म्हणजे आधीपासून असलेला कायदा. विरोधकांनी दाखवलेली तरतूद सरळ अक्षरांत सापडली तर ती प्रस्तावाने आणलेली नाही. ‘पैसे मोजा’चा दावा या एका कसोटीवर पाच मिनिटांत उघडा पडतो. तरतूद सापडली की त्या कलमाची उरलेली सगळी पोटकलमं शेवटपर्यंत वाचा. अपवादाचा अपवाद बहुधा खालीच असतो, सिग्नलच्या बाबतीत तेच झालं. मग विश्लेषकाचं टिपण. त्यात आजचा कायदा आणि प्रस्तावाने होणारा बदल वेगवेगळे मांडलेले असतात, शब्द जपून वापरलेले असतात.

छपाईआधी २० दिवस हा मजकूर लोकांना पाहण्यासाठी खुला ठेवतात. कुणाही मतदाराला सॅक्रॅमेंटोच्या न्यायालयात जाऊन खोटा किंवा दिशाभूल करणारा भाग काढायला लावता येतो. पण पुरावा स्पष्ट आणि पटण्याजोगा लागतो आणि छपाई अडता कामा नये. या पानावरचे बहुतेक दावे असे आहेत की ते त्या कसोटीत अडकलेच नसते. अर्धं खरं असलेलं वाक्य न्यायालयातून सहज सुटतं.

आता न छापलेल्या गोष्टी, कारण या पानाचे खरे गुण तिथे गेले. प्रस्तावाने कायदा कुणाला लागू होतो याची मर्यादा बदलली. आधी वर्षाला ५०,००० ग्राहक, कुटुंबं किंवा उपकरणं यांची माहिती हाताळणारी कंपनी कायद्यात येत होती. प्रस्तावाने आकडा १,००,००० केला आणि उपकरणं मोजणीतून काढून टाकली. एका माणसाकडे फोन, टॅबलेट, लॅपटॉप असे तीन धरले तर कितीतरी मध्यम कंपन्या बाहेर पडतात. ही कपात खरी, मोजता येणारी आणि तिरप्या अक्षरांत दिसणारी. हक्क कमी होतात असं म्हणायचं होतं तर पहिलं उदाहरण हेच हवं होतं.

न्यायासाठी उलट बाजूही नोंदवायला हवी. कंपन्यांना चूक सुधारण्यासाठी मिळणारी ३० दिवसांची हमखास सवलत प्रस्तावाने काढली. पाच सदस्यांच्या मंडळाची स्वतंत्र संस्था उभी केली आणि तिला वर्षाला १ कोटी डॉलर नेमून दिले. चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला. जाहिरातींसाठी माहिती ‘विकत नाही, फक्त देतो’ ही कंपन्यांची पळवाट ‘शेअर करणे’ हा प्रकार वेगळा घालून बुजवली. यातलं काही विरोधकांनी सांगावं ही अपेक्षा नाही, पण ‘हक्क कमी होतात’ हे सरसकट विधान यांच्यासमोर टिकत नाही.

आणि दावा ठोकण्याचा हक्क. जुन्या कायद्यात ग्राहक स्वतः न्यायालयात जाऊ शकत होता तो फक्त माहिती चोरीला गेल्यास, तेही प्रत्येक घटनेला १०० ते ७५० डॉलर किंवा प्रत्यक्ष नुकसान, यांतलं जे जास्त तेवढ्यासाठी. प्रस्तावाने त्यात ईमेल आणि पासवर्डच्या चोरीची भर घातली, पण हक्क तेवढ्यावरच ठेवला. कंपनीने तुमचा नकार धाब्यावर बसवून माहिती विकली तर तुम्हाला आजही या कायद्याखाली स्वतः दावा लावता येत नाही, तक्रार करून सरकारी यंत्रणा हलण्याची वाट पाहावी लागते. खासगीपणाच्या बाजूच्या संघटनांची ही जुनी मागणी, तीही रास्त. त्यांच्या पानावर तिलाच पहिली जागा मिळायला हवी होती.